चिमुकल्या माकडाच्या छातीचें क्ष-चित्र

क्ष-किरणांनीं काढलेलें छातीचें चित्र शहरांतील बहुतेक घरांत कोणी ना कोणी पाहिलेलें असतें. लांबलेला खोकला असो, नोकरीपूर्वीची तपासणी असो किंवा परदेशगमन असो, डॉक्टर छातीचें चित्र मागतात. तें काळसर चित्र उजेडासमोर धरून ते क्षणभर न्याहाळतात आणि म्हणतात, "कांहीं नाहीं, सर्व ठीक आहे." आपला जीव भांड्यांत पडतो, परंतु या 'ठीक' शब्दामागें काय आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. डॉक्टरांनीं ठीक म्हटलें तें कशाशीं ताडून पाहून? त्यांच्या मनांत निरोगी छातीचें एक चित्र कायमचें ठसलेलें असतें. शेंकडों माणसांचीं चित्रें पाहून तें तयार झालेलें असतें. समोरचें चित्र त्याच्याशीं जुळलें म्हणजे ठीक. न जुळलें म्हणजे शंका.

आतां अशी कल्पना करा कीं, रुग्णाचें वजन अवघें ४०० ग्रॅम आहे, त्याच्या अंगावर रेशमासारखे केस आहेत, आणि जन्मापासून तो पिंजऱ्यांत वाढला आहे. तो आहे एक चिमुकलें माकड. त्याच्या छातीचें चित्र आपल्या डॉक्टरांच्या हातीं दिलें, तर तें ठीक आहे कीं नाहीं हें ते कशाच्या आधारें सांगणार? आज मी आपल्यापुढें याच प्रश्नाचा विचार मांडणार आहे. विषय वरकरणी क्षुल्लक, किंबहुना थोडासा गमतीचा वाटेल. परंतु ब्राझीलच्या अरण्यांतील एक प्राणिजात वांचविण्याच्या कामांत या प्रश्नाला फार मोठें महत्त्व आलें होतें, हें पुढें आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम या रुग्णांची ओळख करून घेऊं. दक्षिण अमेरिकेंत मार्मोसेट आणि टॅमेरिन या नांवांचीं माकडें आहेत. आपल्याकडील लाल तोंडाचें माकड किंवा काळ्या तोंडाचें वानर डोळ्यांपुढें आणलें तर यांची कल्पना येणार नाहीं. त्यापेक्षां एखादी मोठी खार डोळ्यांपुढें आणावी. ईशान्य ब्राझीलमधील सामान्य मार्मोसेट, ज्याच्या कानांपाशीं पांढऱ्या केसांचे झुपके असतात, तें ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचें भरतें. कोलंबियाच्या वायव्य भागांतील, डोक्यावर पांढरा तुरा मिरविणारें टॅमेरिन त्याहून किंचित् जड असतें. सर्वांत धाकटें पिग्मी मार्मोसेट. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याचें वजन सव्वाशें ग्रॅमच्या आसपासच राहतें. आणि रिओ डि जानिरो राज्याच्या किनारपट्टीच्या अरण्यांत राहणारें, सोन्याच्या रंगाचें, मानेभोंवतीं सिंहासारखी आयाळ असलेलें सिंह-टॅमेरिन ५०० ते ७०० ग्रॅमचें असतें. या सर्वांच्या पायाच्या अंगठ्याखेरीज बाकीच्या बोटांना आपल्यासारखीं सपाट नखें नसून टोंकदार नख्या असतात, आणि माद्यांना बहुधा जुळीं पिलें होतात. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत व संशोधनसंस्थांत हीं माकडें पुष्कळ वर्षें पाळलीं गेलीं आहेत.

माकडाला छातींत काय होतें तें सांगतां येत नाहीं, हें तर उघडच आहे. पण त्याहून अडचणीची गोष्ट ही कीं, लहान प्राणी आपलें दुखणें शक्य तोंवर लपवितो. अरण्यांत अशक्तपणा दाखविणें म्हणजे शत्रूला बोलावणें. पिंजऱ्यांत आल्यावरही ही संवय सुटत नाहीं. म्हणून रखवालदाराला माकड मलूल दिसूं लागेपर्यंत रोग पुष्कळ पुढें गेलेला असतो. शिवाय ज्याचें हृदय मिनिटाला २०० हून अधिक वेळां धडधडतें, त्याच्या छातीला नळी लावून बारीकसारीक आवाज निवडणें निष्णात वैद्यासही कठीण जातें. अशा वेळीं क्ष-किरणांचा आधार घ्यावा लागतो.

क्ष-चित्र वाचावयाचें तर तें कसें उमटतें हें ठाऊक हवें. १८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील वुर्त्झबुर्ग या गांवीं विल्हेल्म राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला. किरणांचें खरें स्वरूप त्या वेळीं अज्ञात होतें. म्हणून बीजगणितांतील अज्ञात राशीचें नांव त्यांना मिळालें. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक राँटगेन यांना देण्यांत आलें. या किरणांनीं काढलेलें चित्र म्हणजे खरें पाहतां एक सावली आहे. शरीरांतून जातांना किरण ज्या वस्तूंत अडतात ती वस्तु चित्रांत पांढरी दिसते, आणि जिच्यांतून ते सहज पार होतात ती काळी दिसते. हवा काळी, चरबी काळसर करडी, रक्त, स्नायु, हृदय, यकृत हीं सर्व एकाच फिकट करड्या छटेचीं, आणि हाड पांढरें.

श्रोत्यांनीं यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. हृदय आणि यकृत यांच्या छटांत क्ष-किरणांना कांहीं भेद दिसत नाहीं. सारख्या छटेच्या दोन वस्तु एकमेकींस चिकटून राहिल्या कीं त्यांच्यामधील सीमारेषा चित्रांतून नाहींशी होते. पांढऱ्या चादरीवर पसरलेला पांढरा रुमाल दुरून ओळखूं येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. सीमारेषा दिसते ती दोन निराळ्या छटा शेजारींशेजारीं आल्या तरच. छातींत ही सोय हवा करून देते. हृदयाची कड आपणांस दिसते ती हृदयामुळें नव्हे, तर त्याच्याभोंवतीं हवेनें भरलेलीं काळीं फुप्फुसें असतात म्हणून. छाती आणि पोट यांच्यामध्यें जो स्नायूंचा पातळ पडदा आहे, ज्याच्या हालचालीनें आपला श्वास चालतो, तो पडदा स्वतः कधींच वेगळा दिसत नाहीं. त्याच्या वर फुप्फुसांतील हवा आणि खालीं यकृत असल्यामुळें दोहोंमधील घुमटासारखी कड तेवढी दिसते, आणि त्या कडेलाच आपण पडदा म्हणतों.

आतां चित्र काढावयाचें कसें? माणसाला "श्वास घ्या, धरून ठेवा" असें सांगतां येतें. माकडाला तें सांगतां येत नाहीं. उलट, धरून ठेवण्याच्या धडपडींत त्याच्या जिवाला व धरणाऱ्याच्या बोटांना अपाय होण्याचा संभव अधिक. म्हणून तोंडावर लहानशी टोपी बसवून गुंगीचा वायु देतात व माकड निश्चल झालें कीं त्याला तबकडीवर निजवितात. वाळूच्या पिशव्या व चिकटपट्ट्या यांनीं हातपाय जागच्या जागीं ठेवतात, म्हणजे किरणांच्या मार्गांत कोणाचा हात येत नाहीं. पुढचे दोन्ही हात डोक्याच्या दिशेनें ताणून घ्यावे लागतात, नाहींतर दंडाच्या स्नायूंची सावली फुप्फुसांच्या वरच्या भागावर पडून तेथें रोग असल्याचा भास होतो. हृदय दर सेकंदाला चारपांच वेळां आकुंचन पावत असल्यामुळें किरण सोडण्याचा काळ सेकंदाच्या अत्यंत लहान भागापुरता असावा लागतो. तो लांबला कीं हृदयाची कड पुसट होते. आणि हा क्षण श्वास पूर्ण आंत घेतला जातांना साधावा लागतो.

चित्रें निदान दोन हवींत. एक कुशीवर निजवून बाजूनें, दुसरें पोटावर किंवा पाठीवर निजवून समोरून. सावलींत खोली नसते. पाठीच्या कण्याजवळची गांठ आणि छातीच्या मधल्या हाडाजवळची गांठ समोरच्या चित्रांत एकाच ठिकाणीं दिसूं शकतात. बाजूचें चित्र पाहिल्यावरच त्यांतली कोणती कोठें आहे हें ठरतें.

आतां निरोगी माकडाचें असें एक चित्र आपण क्रमाक्रमानें पाहूं. अनुभवी वैद्य आधीं फुप्फुसांकडे धांवत नाहींत. ते हाडांपासून आरंभ करितात. माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. सामान्य मार्मोसेटांत कांहींना १२ तर कांहींना १३ आढळतात, आणि दोन्ही निरोगीच समजावयाचीं. हें ठाऊक नसेल तर तेरावी बरगडी पाहून एखादा उगाच बुचकळ्यांत पडेल. हाडांची पांढरी छटा गडद व कडा रेखीव असाव्यात. बरगड्या फिक्या, वांकड्या किंवा ठिकठिकाणीं मोडून सांधलेल्या दिसल्या, तर तें पिंजऱ्यांतील जीवनाचें एक ओळखीचें दुखणें असतें. दक्षिण अमेरिकेंतील या माकडांना ड जीवनसत्त्वाचा तिसरा प्रकार, म्हणजे ड-३, भरपूर लागतो. वनस्पतींपासून मिळणारा ड-२ त्यांच्या अंगीं नीट लागत नाहीं. उघड्या उन्हांतले जंबुपार किरण त्वचेवर पडले म्हणजे ड-३ शरीरांतच तयार होतो. पण खिडकीच्या कांचेंतून आलेल्या उन्हाचा त्या कामीं उपयोग होत नाहीं, कारण कांच नेमके तेच किरण अडवून धरते. घराच्या आंत फळें व बिस्किटें यांवर वाढविलेल्या मार्मोसेटाचीं हाडें म्हणूनच ठिसूळ होतात. हौसेनें असा प्राणी घरीं आणूं पाहणाऱ्यांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें. शिवाय भारतांत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनें आंतरराष्ट्रीय करारांतील परदेशी प्राणीही कायद्याच्या कक्षेंत आले आहेत, आणि हीं सर्व माकडें त्या करारांत मोडतात.

हाडांनंतर श्वासनलिका. मानेंतून खालीं उतरणारी ही हवेची काळी नळी हृदयाच्या वरच्या बाजूला दोन शाखांत विभागते. बाजूच्या चित्रांत ती कण्याकडे उचललेली दिसली, तर खालून वाढलेल्या हृदयानें तिला ढकललें असण्याचा संभव असतो. पण येथेंही घाई नको. चित्र काढतांना माकडाची मान छातीकडे वांकलेली राहिली असेल, तर निरोगी नळीलाही वळण पडतें. म्हणून आधीं डोकें कोणत्या स्थितींत होतें तें पाहावें, मग नळीविषयीं मत द्यावें.

मग हृदय. लहानशा द्राक्षाएवढें हें हृदय बाजूच्या चित्रांत छातीच्या मधल्या हाडावर विसावलेलें दिसतें, आणि समोरच्या चित्रांत त्याचें टोंक डाव्या बाजूला झुकलेलें असतें. माणसाची छाती रुंद व चपटी आहे. समोरून पाहिली तर ऐसपैस, बाजूनें पाहिली तर उथळ. माकडाची छाती अरुंद व खोल असते. या एका भेदामुळें माणसाचें मोजमाप माकडाला लावतां येत नाहीं. माणसाच्या बाबतींत हृदयाच्या सावलीची रुंदी छातीच्या रुंदीच्या अर्ध्याहून अधिक भरली तर डॉक्टर सावध होतात. माकडांच्या अरुंद छातींत मात्र निरोगी हृदयही पुष्कळदां अर्ध्याहून अधिक जागा व्यापतें. माणसांच्या डॉक्टरनें हें चित्र आपल्या नियमानें वाचलें, तर धडधाकट माकडाला तो हृदयविकारी ठरवील आणि त्याला नको तें औषध सुरू होईल.

आतां फुप्फुसें. तीं काळीं दिसावींत आणि त्यांतून रक्तवाहिन्यांच्या बारीक करड्या रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या कडेकडे निमुळत्या होत जाव्यात. माणसाच्या उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात. या माकडांत हृदयामागें दडलेला आणखी एक लहान खंड आढळतो. फुप्फुसांच्या वाचनांत श्वासाची वेळ फार महत्त्वाची ठरते. चित्र श्वास सोडतांना निघालें असेल, तर फुप्फुसांत हवा कमी राहते, तीं करडीं दिसतात, पडदा पुढें सरकून हृदयाला भिडतो आणि हृदय मोठें भासतें. तसेंच गुंगींत माकड एकाच कुशीवर बराच वेळ राहिलें, तर खालच्या बाजूचें फुप्फुस दबून त्यांतील हवा कमी होते व तेथें दाह झाल्यासारखी छटा उमटते. ती छटा आपण निजविण्याच्या रीतीनेंच आणलेली असते. म्हणून जाणते लोक गुंगी दिल्यावर विनाविलंब चित्र काढतात.

या फुप्फुसांच्या तपासणीला आणखी एक निमित्त आहे, तें म्हणजे क्षय. क्षयरोग माणसांपासून माकडांना होतो. दक्षिण अमेरिकेंतील माकडांत तो आपल्याकडील लाल तोंडाच्या माकडांपेक्षां कमी आढळतो, तरी होतच नाहीं असें नव्हे. नवा प्राणी संग्रहालयांत आला कीं त्याला कांहीं काळ वेगळा ठेवून त्वचेच्या परीक्षेबरोबर छातीचें चित्रही काढतात. चित्र स्वच्छ निघालें म्हणून क्षय नाहींच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. रोगाचा आरंभ चित्रांत उमटण्याइतका मोठा झालेला नसतो.

शेवटीं पडदा. त्याची घुमटाकार कड दोन्ही बाजूंस अखंड दिसली पाहिजे. त्याच्याखालीं यकृताची एकसारखी करडी सावली, आणि डाव्या बाजूला जठरांतील हवेचा काळा फुगा. टोपींतून वायु देतांना माकडानें धडपड करून हवा गिळली असेल, तर हा फुगा मोठा होऊन पडद्याला वर लोटतो. ज्या जागीं हृदय, छातीचें मधलें हाड आणि पडदा हीं तिन्ही एकत्र येतात, तो कोपरा मात्र नीट पाहावा लागतो. तेथें निरोगी माकडांतही कधीं चरबीचा थर असतो, कधीं हृदय पडद्याला टेकलेलें असतें. करड्या सावलीला करडी सावली भिडलेली असल्यामुळें तेथली सीमारेषा मुळांतच अंधुक असते. हाच कोपरा पुढें आपल्या कथेंत येणार आहे.

इतक्या अडचणी ऐकल्यावर आपण विचाराल कीं, मग निरोगी म्हणजे काय हें ठरवावयाचें तरी कसें? त्याला एकच मार्ग आहे, आणि तो कष्टाचा आहे. इतर सर्व परीक्षांनीं धडधाकट ठरलेले पुष्कळ प्राणी घ्यावयाचे, सर्वांचीं चित्रें एकाच रीतीनें काढावयाचीं, आणि प्रत्येक चित्रावर मोजमापें घेऊन सरासरी व तिच्या दोन्ही अंगांच्या मर्यादा काढावयाच्या. कुत्र्यांच्या बाबतींत हें काम बुकॅनन आणि ब्यूशेलर या दोघांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांची युक्ति मोठी सुबोध आहे. कुत्रीं लहानमोठ्या अनेक जातींचीं. सेंटिमीटरांत मोजलेलें हृदय एका जातीला मोठें तर दुसरीला लहान ठरेल. म्हणून त्यांनीं बाजूच्या चित्रांतील हृदयाची लांबी व रुंदी त्याच कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांवर मोजली. चौथ्या बरगडीच्या मणक्यापासून मोजावयास लागून दोन्ही मापें मिळून किती मणके होतात तें पाहिलें. १०० निरोगी कुत्र्यांत ही बेरीज सरासरीनें ९.७ मणके भरली. ज्याचें त्याचें शरीर हीच ज्याची त्याची मोजपट्टी झाली.

हीच पद्धत पुढें माकडांना लागू करण्यांत आली. दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया विद्यापीठांतील वॅग्नर व किर्बर्गर या पशुवैद्यकांनीं सामान्य मार्मोसेटाच्या छातीची व पोटाची क्ष-चित्रांतील रचना अभ्यासून २००५ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यानंतर इतर लहान प्राण्यांविषयींही असे अभ्यास झाले. अशा लेखांत रोगाचें नांवही नसतें. एखाद्याला वाटेल, निरोगी प्राण्यांचीं चित्रें काढून कोणता पराक्रम केला? परंतु रोगाची ओळख पटविणारा प्रत्येक वैद्य याच कोरड्या आंकड्यांचा आधार घेत असतो.

हा आधार किती मोलाचा आहे, तें सोनेरी सिंह-टॅमेरिनाच्या इतिहासावरून दिसेल. ब्राझीलच्या किनारपट्टीचें अरण्य तोडून तेथें शेती, कुरणें व शहरें वाढत गेलीं, आणि १९७० च्या सुमारास या माकडांची अरण्यांतील संख्या काय ती २०० च्या आसपास उरली. ब्राझीलचे प्राणिशास्त्रज्ञ आदेल्मार कोइंब्रा-फील्यो यांनीं या संकटाकडे जगाचें लक्ष वेधलें. १९७२ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें या माकडांच्या रक्षणासाठीं परिषद भरली. १९७४ सालीं ब्राझीलमध्यें पोसो दास आंतास हें अभयारण्य राखून ठेवण्यांत आलें. त्या सुमारास जगांतल्या सर्व संग्रहालयांत मिळून हीं माकडें शंभरही नव्हतीं, आणि तींही नीट वंशवृद्धि करीत नव्हतीं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांतील डेव्हरा क्लायमन यांनीं त्यांच्या कुटुंबजीवनाचा अभ्यास करून त्यांची पैदास सुधारली, आणि कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशीं लावावयाची याची वंशावळीवरून आंखणी केली. हेतु हा कीं, पिंजऱ्यांत वाढलेल्या पिलांना एक दिवस अरण्यांत परत न्यावयाचें.

याच काळांत या माकडांच्या छातींत एक दोष आढळला. छातीच्या मधल्या हाडामागें पडद्याचा भाग कांहीं माकडांत जन्मतःच दुबळा राहिलेला असे, आणि त्या जागेंतून यकृताचा अंश छातींत शिरलेला असे. हा दोष कांहीं कुटुंबांत पुनःपुन्हां दिसत होता. मिचेल बुश व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें निदान व त्यावरील शस्त्रक्रिया यांविषयीं १९८० सालीं लिहिलें, आणि १९९६ सालीं अरण्यांत परत पाठविण्याच्या दृष्टीनें क्ष-चित्रांतून या दोषाचा कसा विचार करावा हें मांडलें.

श्रोतेहो, मघाशीं ज्या कोपऱ्याचा उल्लेख केला, तो हाच. हृदय, मधलें हाड आणि पडदा जेथें भेटतात, तेथेंच हा दोष दडून बसतो. वर आलेलें यकृत करडें, शेजारचें हृदयही करडें. सीमारेषा नाहीं. कोणी म्हणेल हृदय वाढलें आहे. कोणी म्हणेल तेथें चरबी आहे. कोणी त्याकडे मुळींच लक्ष देणार नाहीं. त्या कोपऱ्यांत निरोगी माकडाची सावली कशी पडते हें ज्याला तोंडपाठ आहे, त्यालाच ही सावली नेहमींची नाहीं अशी शंका येईल. शंका आल्यावर तिची खात्री करण्याचे उपाय आहेत. पोटाच्या पोकळींत किरणांना अडविणारें औषध सोडून पुन्हां चित्र काढलें, तर पडद्याची पोटाकडील कड पांढऱ्या रेषेनें उठून दिसते, आणि ती कोठें फुगली वा फाटली आहे हें कळतें. परंतु प्रत्येक माकडावर असा प्रयोग कोण करणार? त्याची गरज कोणाला आहे, हें साध्या चित्रावरूनच निवडावें लागतें.

आणि या निवडींत दोन्ही बाजूंनीं चूक महागांत पडणारी होती. दोष असलेलें माकड निरोगी समजून पाठविलें, तर पिंजऱ्यांत आयतें अन्न खाऊन निभावलेला तो जीव फांदीवरून फांदीवर झेप घेतांना टिकेल कीं नाहीं याची शाश्वती नव्हती. शिवाय जो दोष कुटुंबांत उतरतो तो अरण्यांतील पिढ्यांत पसरण्याची भीति होती. उलट, निरोगी माकडाला सदोष ठरवून बाजूला काढलें, तर मोजक्याच पूर्वजांपासून उतरलेल्या त्या लहानशा समूहांतील एक वंशशाखा विनाकारण खुंटली असती. हजारोंच्या समूहांत एखादी चूक खपून जाते; जेथें प्रत्येक जीव वंशावळींत नांवानिशीं मोजलेला आहे, तेथें ती खपत नाहीं.

१९८४ सालीं पिंजऱ्यांत जन्मलेलीं पहिलीं टॅमेरिन ब्राझीलच्या अरण्यांत सोडण्यांत आलीं. पुढील सुमारें १५ वर्षांत अशीं जवळजवळ दीडशें माकडें सोडलीं गेलीं. त्यांतलीं पुष्कळ टिकलीं नाहींत. अन्न शोधणें, वाट लक्षांत ठेवणें, सापापासून जपणें हीं पिंजऱ्यांत न शिकलेलीं कामें त्यांना जड गेलीं. पण जीं टिकलीं त्यांना पिलें झालीं, आणि तीं पिलें अरण्यांतच वाढलीं. २००३ सालीं या जातीला अत्यंत संकटग्रस्त वर्गांतून एक पायरी वर घेण्यांत आलें. पुढें पीतज्वराच्या सांथीनें मोठा घाला घातला. सुमारें ३,७०० पर्यंत गेलेली संख्या २,५०० वर आली. मग अरण्यांतील माकडें पकडून त्यांना लस टोंचण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. २०२३ सालच्या गणनेंत संख्या ४,८०० च्या आसपास भरली. हें सारें यश क्ष-किरणांचें आहे असें मी मुळींच म्हणणार नाहीं. तें अरण्य राखणाऱ्यांचें, आपली जमीन अरण्यासाठीं मोकळी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांचें आणि वर्षानुवर्षें माकडांमागें हिंडणाऱ्या निरीक्षकांचें आहे. पण कोणतें माकड निरोगी आहे हें सांगूं शकणारा कोणीतरी त्या साखळींत असावा लागतो, आणि त्याच्या हातांतलें साधन म्हणजे तें करडें चित्र.

आपल्या घरांतील व्यवहारालाही यांतून घेण्यासारखें कांहीं आहे. प्रकृति चांगली असतांना काढलेलें छातीचें चित्र अडगळ म्हणून आपण टाकून देतों. खरें पाहतां पुढें कधीं आजार आला, तर डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडेल तें हेंच जुनें चित्र. एखादी सावली नवी आहे कीं वीस वर्षांपासून तशीच आहे, हा प्रश्न त्याच्या साह्यानें एका दृष्टिक्षेपांत सुटतो, आणि पुष्कळशा पुढील तपासण्या व पुष्कळशी काळजी टळते. मार्मोसेटाला हें सुख मिळावें म्हणून परक्या माणसांना त्याच्या जातभाईंचीं चित्रें काढून मोजावीं लागलीं. आपलें चित्र जपून ठेवणें मात्र आपल्याच हातीं आहे. पाकिटावर नांव व तारीख घालून तें कोरड्या जागीं ठेवावें, आणि डॉक्टरांकडे जातांना बरोबर न्यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.